हृद्‌रोहिणीतील फुगा आणि भाकिताचे शास्त्र

हृदयविकाराच्या रुग्णाला अँजिओप्लास्टीसाठी आत नेण्याची वेळ आली म्हणजे त्याच्या आप्तांपुढे सहीसाठी एक छापील कागद येतो. कोणकोणते अपाय संभवतात याची त्यावर यादी असते. बहुधा डॉक्टरांच्या तोंडून एखादा आकडाही ऐकू येतो : शंभरांत एक, शंभरांत दोन, क्वचित शंभरांत दहा. रुग्णाचा मुलगा किंवा जावई तो आकडा ऐकतो, मान हलवतो आणि सही करतो. हा आकडा कोठून आला, तो कोणी मोजला, कोणत्या माणसांच्या जगण्यामरण्यावरून मोजला आणि तो आपल्या माणसाला कितपत लागू पडतो, हे विचारण्याची ती वेळ नसते. तथापि या आकड्यालाही एक इतिहास आहे. तो जेमतेम अर्ध्या शतकाचा असला, तरी श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरापर्यंत येऊन पोचलेला आहे.

हृदयाचा स्नायू अहोरात्र साऱ्या शरीराला रक्त पुरवितो. परंतु त्याला स्वतःला लागणारे रक्त मात्र महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन लहान फांद्यांतून घ्यावे लागते. या फांद्या म्हणजेच हृद्‌रोहिण्या. त्यांचा व्यास अवघा तीन-चार मिलिमीटर. त्यांच्या आतील अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबीचे आणि पुढे चुन्याचे थर बसत गेले म्हणजे वाट अरुंद होते. जिना चढताना छाती भरून येते. आणि एखाद्या दिवशी त्या अरुंद जागी रक्ताची गुठळी अडकली की हृदयाचा झटका येतो. ही अरुंद वाट छाती न उघडता रुंद करावयाची, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणाही शहाण्या माणसाला वेडगळ वाटली असती. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने आपल्याच दंडाच्या नीलेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचे छायाचित्र काढविले. या धाडसाबद्दल त्याला प्रथम बोलणी खावी लागली. नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो १९५६ साली. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या तपासणीत नळीचे टोक चुकून हृद्‌रोहिणीतच शिरले आणि क्ष-किरणांत दिसणारे औषध थेट तीत गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले, आणि पुन्हा चालू झाले. जे घडू नये म्हणून सारे जपत होते, तेच घडूनही माणूस वाचला, यावरून हृद्‌रोहिण्यांचे चित्र घेता येते हे सिद्ध झाले. आता रोग नेमका कोठे आहे ते डोळ्यांना दिसू लागले. त्यावर हात चालविण्याचा पहिला प्रयत्न १९६४ च्या जानेवारीत ऑरेगनमधील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी केला, पण तो हृदयात नव्हे, पायात. ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची बोटे सडू लागली होती आणि पाय कापू देण्यास ती मुळीच तयार नव्हती. डॉटरनी एकात एक बसणाऱ्या नळ्या घालून तिच्या मांडीतील रोहिणीची वाट मोकळी केली. पुढे सुमारे अडीच वर्षांनी ती बाई वारली, ती आपल्या दोन्ही पायांवर चालत होती.

डॉटर यांची ही युक्ती अमेरिकेपेक्षा युरोपात अधिक रुजली, आणि झूरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात ती आंद्रेआस ग्रुंटझिग यांच्या मनात घर करून बसली. ग्रुंटझिग यांचा जन्म १९३९ साली ड्रेस्डेन येथे झाला. नळीच्या टोकाला फुगा बसवावा, तो मिटलेल्या स्थितीत अरुंद जागेपर्यंत न्यावा आणि तेथे फुगवावा, ही त्यांची कल्पना. दिसायला सोपी, परंतु साधा रबरी फुगा जेथे प्रतिकार कमी तेथे फुगतो आणि जेथे अडथळा आहे तेथे तसाच बारीक राहतो, हे ज्याने जत्रेतला फुगा हातात धरला आहे त्यालाही ठाऊक असते. पाहिजे होता ठराविक आकारापलीकडे मुळीच न फुगणारा फुगा. एका निवृत्त रसायनशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने ग्रुंटझिग पीव्हीसी या प्लॅस्टिककडे वळले. संध्याकाळी स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर ते, त्यांची पत्नी, त्यांच्या सहायिका मारिया श्लुम्फ आणि श्लुम्फबाईंचे यजमान अशी चौघे बसून त्या नळ्या कापत, चिकटवीत, तापवीत आणि फुगवून पाहत. १९७४ साली तो फुगा पायाच्या रोहिणीत वापरला गेला. त्यानंतर कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाले. १९७७ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे रिचर्ड मायलर यांच्यासह बायपासची शस्त्रक्रिया चालू असतानाच, छाती उघडी असलेल्या रुग्णांच्या हृद्‌रोहिणीत त्याची चाचणी झाली.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झूरिच येथे ग्रुंटझिग यांनी जाग्या माणसाच्या हृद्‌रोहिणीत पहिल्यांदा फुगा फुगविला. रुग्ण ३८ वर्षांचा एक विमा-व्यावसायिक होता; ग्रुंटझिग यांचेही वय तेव्हा ३८ च होते. रुग्णाला बायपास करून घ्यावयाची नव्हती. शल्यविशारद ऑके सेनिंग, ज्यांनी १९५८ साली माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला होता, त्यांनी या प्रयोगाला संमती दिली. गरज पडल्यास छाती उघडता यावी म्हणून शस्त्रक्रियेची सिद्धता होती. फुगा दोनदा फुगविला गेला. अडथळ्यापलीकडील रक्ताचा दाब वाढला, रुग्णाच्या छातीतील कळ नाहीशी झाली, आणि दहा वर्षांनी पुन्हा चित्र घेतले तेव्हाही ती रोहिणी मोकळीच होती.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या दिवसातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ग्रुंटझिग यांनी पहिला रुग्ण निवडला तो कसा? अडथळा एकच, आखूड, रोहिणीच्या सुरुवातीच्या सरळ भागात, जेथे नळी सहज पोचेल असा. रुग्ण तरुण, हृदयाचा स्नायू धडधाकट. ही निवड म्हणजेच या शास्त्रातील पहिले भाकीत होय. आकड्यांत मांडलेले नव्हते एवढेच. कोठे यश येईल आणि कोठे येणार नाही याचा अदमास ग्रुंटझिग यांच्या मनात आधीच तयार होता, आणि त्या अदमासाच्या जोरावरच त्यांनी एका माणसाचा जीव पणाला लावला.

तो अदमास मनातच ठेवला असता तर इतिहास वेगळा झाला असता. ग्रुंटझिग यांचा खरा मोठेपणा फुग्यात आहे, त्याहून त्यांच्या हिशेबात अधिक आहे. १९७९ च्या जुलैमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात यश मिळाले ते ३२ जणांत. याचा अर्थ उघड आहे : दर तिघांमागे एकाच्या बाबतीत ही नवी युक्ती फसली होती. पाच जणांवर तातडीने बायपास करावा लागला. तिघांच्या हृदयालेखात झटका येऊन गेल्याच्या खुणा उमटल्या. नव्या शोधाचा जनक सहसा अशा गोष्टी तळटीपेत ढकलतो. ग्रुंटझिग यांनी त्या ठळकपणे सांगितल्या आणि वर असेही लिहिले, की बायपासला योग्य अशा रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांनाच हा उपचार लागू पडेल. एकाच रोहिणीत रोग असलेले आणि ज्यांचे दुखणे थोड्याच दिवसांचे आहे असे रुग्ण त्यांना सर्वांत योग्य वाटले. यश कोणाला आणि अपयश कोणाला, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच निबंधात छापून आला.

दरम्यान इतर देशांतील डॉक्टर झूरिचला येऊ लागले होते. ग्रुंटझिग त्यांना बंद खोलीत प्रात्यक्षिक दाखवून थांबत नसत. चालू उपचाराचे चित्र दूरचित्रवाणीवर दाखविले जाई आणि बसलेल्या सर्वांदेखत यश किंवा फजिती घडे. जे कोणी हा उपचार करतील त्यांनी आपले सर्व रुग्ण एका सामाईक नोंदवहीत उतरवावेत, ही कल्पना याच मंडळींत निघाली, आणि १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने ती वही आपल्याकडे घेतली. १९७७ ते १९८१ या काळातील तीन हजारांहून अधिक रुग्ण तीत नोंदले गेले. आजच्या सर्व भाकितांचे मूळ या वहीत आहे. वहीतून निघालेले चित्र सुखावह नव्हते. पहिल्या नोंदीत पूर्ण यश १०० पैकी ६१ जणांत आले. सुमारे सहा जणांवर तातडीची शस्त्रक्रिया झाली. १९८५-८६ मध्ये तीच वही पुन्हा उघडण्यात आली, तेव्हा यशाचे प्रमाण ७८ वर गेले होते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेचे साडेतीनच्या आत आले होते. हे घडले कशामुळे? हात बसले हे खरेच. पण १९८० नंतर जॉन सिम्पसन प्रभृतींनी आणलेल्या, बाहेरून वळविता येणाऱ्या बारीक तारेचा वाटा त्यात मोठा आहे. पूर्वी फुग्याच्या टोकाला पक्की बसविलेली आखूड तार नशिबावर हवाला ठेवून पुढे जात असे. आता ती आधी पुढे जाऊ लागली आणि फुगा तिच्यामागून. मृत्यूचे प्रमाण मात्र दोन्ही वेळा शेकडा एकाच्या आसपासच राहिले, कारण दुसऱ्या खेपेस अधिक वयाचे आणि अधिक आजारी रुग्ण टेबलावर येऊ लागले होते. जे शास्त्र सुधारते ते लगेच अधिक अवघड रोगी अंगावर घेते, आणि त्यामुळे त्याची सुधारणा आकड्यांत दिसत नाही. हे कोडे या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

त्या काळात डॉक्टरांना सर्वांत धास्ती होती ती रोहिणी एकाएकी बंद पडण्याची. फुग्याने वाट रुंद होते ती अस्तराला चिरा पाडूनच. ती चीर खोल गेली की सुटलेला पापुद्रा पुढे येतो, त्यावर गुठळी धरते आणि मिनिटांत प्रवाह थांबतो. ग्रुंटझिग १९८० मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात गेले होते. १९८५ मध्ये विमान कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे एमरीतील मंडळींनी ४,७७२ उपचारांची छाननी करून १९८८ मध्ये दाखविले, की शंभरांत ४.४ वेळा रोहिणी अशी अचानक बंद पडते, आणि ती कोठे बंद पडेल याची चिन्हे पुष्कळदा आधीच्या चित्रात दिसत असतात : अडथळा लांब असणे, तो वळणावर असणे, फांदी फुटते तेथे असणे, आधीच गुठळी असणे.

ही चिन्हे अशीच का, हे समजणे अवघड नाही. फुगा फुगला म्हणजे ताठ होतो. वळणावर तो ताठ झाला की बाहेरच्या कडेची भिंत ताणून फाडतो. चुन्याचा थर ताणला जात नाही. तो आणि शेजारची मऊ भिंत यांच्या सांध्यावरच तडा जातो. फांदीच्या तोंडाशी दाब दिला तर आतील राब, ओल्या चिखलावर पाऊल पडावे तसा, बाजूला सरकून फांदीचे तोंड बुजवितो. गुठळी फुटली तर तिचे कण प्रवाहाबरोबर पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. आणि वाट कित्येक महिने पूर्ण बुजलेली असेल तर तारेला शिरायला जागाच सापडत नाही.

१९८८ मध्येच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून या साऱ्याची एक प्रतवारी केली. अडथळ्यांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग पाडले गेले. दहा मिलिमीटरांहून आखूड, गुळगुळीत, सरळ जागी असलेला, चुना फारसा नसलेला तो ‘अ’. त्यात यशाची आशा शेकडा ८५ हून अधिक. वीस मिलिमीटरांहून लांब, नव्वद अंशांहून तीव्र वळणावरचा, किंवा तीन महिन्यांपूर्वीच पूर्ण बुजलेला तो ‘क’. त्यात आशा साठाच्या खाली. यांच्या मधले सगळे ‘ब’. ही प्रतवारी समितीतील अनुभवी लोकांच्या मतावर बेतलेली होती. तराजूत तोलून काढलेली नव्हती. ते काम १९९० मध्ये स्टीफन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. एकाहून अधिक रोहिण्यांत रोग असलेल्या ३५० रुग्णांचे अडथळे तपासून त्यांनी ‘ब’ वर्गाचे दोन तुकडे केले : एकच वाईट लक्षण असलेला पहिला, दोन किंवा अधिक असलेला दुसरा. मग आकडे असे पडले की पाहणारा थक्क व्हावा. ‘अ’ मध्ये यश ९२ टक्के, ‘ब’ च्या पहिल्या भागात ८४, दुसऱ्यात ७६, ‘क’ मध्ये ६१. आणि अपाय याच क्रमाने २, ४, १० आणि २१ टक्के. पायरी उतरावी तसे यश उतरते आणि दर पायरीला अपाय दुपटीने वा अधिक चढतो. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचे बोल मोजणीला उतरले, असे विज्ञानात दर वेळी घडत नाही.

या प्रतवारीत एक उणीव होती, ती माणसाच्या डोळ्याची. तेच चित्र दोन निष्णात डॉक्टरांपुढे ठेवले तर एक त्याला ‘ब’ म्हणे आणि दुसरा ‘क’. तरीही पुढची कित्येक वर्षे जगभरच्या रुग्णालयांत ही तीन अक्षरे बोलली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी ती आजही नोंदली जातात.

मग स्टेंट आला आणि त्याने ही सारी गणिते विस्कटून टाकली. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिच सिगवार्ट यांनी हृद्‌रोहिणीत धातूच्या जाळीची नळी बसविली. सुटलेला पापुद्रा ही जाळी भिंतीला दाबून धरते. त्यामुळे रोहिणी एकाएकी बंद पडण्याचे भय ओसरले. १९९४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील दोन चाचण्यांनी हेही दाखविले, की रुंद केलेली वाट काही महिन्यांत पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण जाळीमुळे घटते. अर्थात जाळीने स्वतःचे एक नवे भय आणले : परक्या धातूवर रक्त गोठते. ते टाळण्यासाठी जाळी अधिक दाबाने भिंतीत नीट रुतविणे आणि रक्तकणिका चिकटू न देणारी दोन औषधे एकदम देणे, हा तोडगा १९९५-९६ च्या सुमारास स्थिर झाला. मेयो क्लिनिकच्या नोंदींत जाळीपूर्व काळी शंभरांत २.९ रुग्णांना तातडीच्या बायपासला न्यावे लागे. २००० ते २००३ मध्ये हे प्रमाण ०.३ वर आले. ‘क’ वर्गाच्या अडथळ्यालाही आता पूर्वीच्या ‘अ’ इतके यश मिळू लागले. अ-ब-क ची पायरी जवळजवळ सपाट झाली. भाकीत खोटे ठरले ते भाकीत करणाऱ्याच्या चुकीने नव्हे. ज्या जगाविषयी ते केले होते ते जगच बदलले होते.

यानंतर जो बदल झाला तो अधिक विचार करण्यासारखा आहे. २००२ मध्ये मेयो क्लिनिकच्या मंदीप सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपायाचा अंदाज बांधणारी एक गुणांची पद्धत मांडली. तीत आठ गोष्टी मोजल्या जात : वय, हृदय कोलमडून रक्तदाब घसरलेला असणे, ज्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात, मूत्रपिंडे दुबळी असणे, उपचार तातडीचा असणे, हृदयाची ताकद ओसरून धाप लागत असणे, आणि चित्रातून दिसणाऱ्या तीन, म्हणजे गुठळी, अनेक रोहिण्यांतील रोग आणि डाव्या मुख्य रोहिणीतील रोग. २००७ मध्ये त्याच मंडळींनी सुधारलेली पद्धत काढली, तेव्हा चित्रातील तिन्ही गोष्टी त्यांनी वगळून टाकल्या. वय, नुकताच आलेला झटका, रक्तातील क्रिएटिनिन, हृदयाच्या आकुंचनाची ताकद, शॉक, धाप आणि पायांच्या रोहिण्यांतील रोग, एवढ्या सातांवरूनच मृत्यूचे भाकीत तितकेच चांगले करता येते असे त्यांना आढळले. तीस वर्षे सारे डॉक्टर रोहिणीच्या चित्राकडे टक लावून बसले होते. आता असे निघाले की मृत्यूचा प्रश्न विचारावयाचा तर रोहिणीपेक्षा माणसाकडे पाहावे. जुन्या वैद्यांनी नाडी पाहण्यापूर्वी रोग्याचा चेहरा पाहिला तर त्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीवरून २०१० मध्ये तयार झालेल्या सूत्रानेही हेच सांगितले. रुग्णालयातील मृत्यूचे एकंदर प्रमाण तीत १.२७ टक्के होते. पण सवडीने, ठरवून केलेल्या उपचारात ते ०.६५ आणि मोठ्या झटक्याच्या ऐन वेळी केलेल्या उपचारात ४.८१. याचा अर्थ ‘अँजिओप्लास्टीचा धोका किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कोणाची आणि केव्हा, हे कळल्यावाचून आकडा सांगणे म्हणजे प्रवासाचे ठिकाण न विचारता तिकिटाचे भाडे सांगण्यासारखे आहे.

रोहिणीचे चित्र मात्र निराळ्या दाराने परत आले. २००५ मध्ये ‘सिंटॅक्स’ नावाची गुणपद्धती निघाली. रोहिण्यांतील प्रत्येक अडथळ्याला त्याच्या जागेनुसार आणि गुंतागुंतीनुसार गुण द्यावयाचे आणि त्यांची बेरीज करावयाची. ही बेरीज उपचार करावा की नाही यासाठी नसून, फुगा की बायपास हे ठरविण्यासाठी आहे. १,८०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ पासून प्रसिद्ध होत गेले, त्यांवरून असे दिसले, की बेरीज २२ पर्यंत असेल तर दोन्ही मार्ग जवळपास सारखे, आणि ३३ किंवा अधिक असेल तर बायपास बरा. जपानी डॉक्टरांनी २०११ मध्ये पूर्ण बुजलेल्या रोहिण्यांसाठी आणखी साधी पद्धत काढली : चुना, वळण, बोथट तोंड, वीस मिलिमीटरांहून अधिक लांबी आणि पूर्वी फसलेला प्रयत्न, यांपैकी प्रत्येकाला एक गुण, आणि त्यावरून अर्ध्या तासात तार पलीकडे जाईल की नाही याचा अंदाज. रक्तस्राव आणि मूत्रपिंडांना होणारी इजा यांचीही स्वतंत्र भाकिते आली. चित्रासाठी टोचल्या जाणाऱ्या औषधाने मूत्रपिंडे बिघडण्याचा धोका सांगणारी रोक्साना मेहरान यांची पद्धत २००४ ची.

भारतात ही विद्या आली ती थेट ग्रुंटझिग यांच्या शिष्यपरंपरेतून. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी ती त्यांच्याकडून शिकून १९८६ मध्ये मद्रासमध्ये पहिली अँजिओप्लास्टी केली. ते २०२५ मध्ये निवर्तले. परंतु फुगा जसा पेटीत घालून आणता येतो तसा आकडा आणता येत नाही. मेयोचा आकडा मेयोला आलेल्या रुग्णांचा आहे. भारतात हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, मधुमेही पुष्कळ, आणि झटका आलेला रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात. अशा ठिकाणी परकीय सूत्र कोण अधिक धोक्यात आणि कोण कमी, हा क्रम बहुधा बरोबर लावील. पण प्रत्यक्ष टक्केवारीत ते चुकू शकते. म्हणून ज्या रुग्णालयाने स्वतःच्या रुग्णांची वही ठेवली आहे त्याचाच आकडा सहीच्या वेळी अधिक विश्वासाचा.

आणि वहीतले आकडे चव्हाट्यावर आले म्हणजे काय होते, याचा धडा न्यूयॉर्क राज्याने दिला. तेथील आरोग्य खात्याने १९९० च्या दशकात प्रत्येक रुग्णालयाच्या, आणि पुढे प्रत्येक डॉक्टराच्या नावानिशी, हृदयोपचारांतील मृत्यूंचे प्रमाण प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. ते प्रमाण रुग्णांच्या धोक्याचे माप लावून दुरुस्त केलेले असे. ज्याच्याकडे अधिक आजारी लोक आले त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून. हेतू निर्मळ होता : लोकांना कळावे आणि डॉक्टरांनी सुधारावे. २००५ मध्ये न्यूयॉर्क आणि मिशिगन या दोन राज्यांतील उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली. मिशिगनमध्ये असे नावानिशी प्रकाशन नव्हते. वरवर पाहता न्यूयॉर्कचे मृत्यूचे प्रमाण ०.८३ टक्के आणि मिशिगनचे १.५४, जवळजवळ दुप्पट. पण मिशिगनमध्ये फुग्यासाठी आलेल्या रुग्णांत शॉकमधले रुग्ण २.५६ टक्के होते, न्यूयॉर्कमध्ये अवघे ०.३८. हा फरक हिशेबात धरल्यावर दोन्ही राज्यांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखे अंतर उरले नाही. न्यूयॉर्कमध्ये झटका येऊन शॉकमध्ये जाणारी माणसे काही कमी नव्हती. ती टेबलापर्यंत येत नव्हती. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील हृदयरोगतज्ज्ञांना केलेल्या विचारणेत १०० पैकी ७९ जणांनी मान्य केले, की आकडे छापले जातात या जाणिवेचा कधीकधी आपल्या निर्णयावर परिणाम झाला आहे.

येथे प्रश्न केवळ प्रामाणिकपणाचा नाही. शॉकमधील रुग्णाचा मृत्यू बहुधा अटळ मानला जाई. परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोहिणी लवकर मोकळी केलेल्यांपैकी सहा महिन्यांनी ५०.३ टक्के दगावले होते, तर आधी केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ६३.१ टक्के. म्हणजे ज्याचा धोका सर्वांत जास्त त्यालाच उपचाराचा लाभही सर्वांत जास्त होता. भाकितात मात्र त्याच्या नावापुढे मोठा आकडा पडे, आणि तो आकडा पाहणाऱ्या डॉक्टराच्या डोळ्यांपुढे पुढच्या वर्षीचा छापील तक्ता उभा राही. दुरुस्तीचे सूत्र कितीही काळजीपूर्वक केले असले तरी आपल्या अवघड रुग्णाचा पुरता हिशेब त्यात धरला जाईल, असा विश्वास त्या डॉक्टरांना वाटत नव्हता.

२००६ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने शॉकमधील रुग्णांना त्या प्रसिद्ध होणाऱ्या हिशेबातून वगळले. त्यानंतर राज्यात अशा रुग्णांच्या रोहिण्या मोकळ्या करण्याचे प्रमाण वाढले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर राज्यांपेक्षा मात्र ते कमीच राहिले.